पाळी जायच्या वयातल्या बायका आणि कंपनीतली सिस्टर: काम कसं सुरू करायचं

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर. आधी जिल्हा रुग्णालयाची लेबर रूम, मग स्त्रीरोग ओपीडी, आणि आता चाकणला वायर हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचे बांधलेले जुडगे, बनवणाऱ्या एका कंपनीची ओएचसी, म्हणजे कारखान्यातला दवाखाना. लाईनवर निम्म्याहून जास्त बायका आहेत. स्त्रियांच्या आरोग्यातली नोकरी म्हटलं की आपली गाडी बाळंतपण, लसीकरण आणि तांबी इथेच थांबते. चाळिशी उलटलेली बाई दवाखान्यात सुनेसोबत किंवा लेकीसोबत येते, स्वतःसाठी फारशी येत नाही. कारखान्यात मात्र तीच बाई रोज आठ तास आपल्यापासून शंभर पावलांवर उभी असते. नव्याने ओएचसीत लागलेल्या मुली विचारतात, "मॅडम, मेनोपॉजचं काहीतरी करा असं एचआरने सांगितलंय, काय करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

भाषण ठेवू नका

निदान पहिल्यांदा तरी नको. ८ मार्चला गुलाब, केक, पाहुण्या डॉक्टर, प्रोजेक्टर, आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली मेंटेनन्सची पोरं. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटलं की सगळ्या खाली बघतात. एचआरला फोटो मिळतो, एवढाच त्याचा उपयोग.

पाळीची तक्रार घेऊन ओएचसीत कुणी येत नाही. बाई येते ती "सिस्टर, ॲसिडिटीची गोळी द्या", "डोकं धरलंय", "रात्रभर डोळ्याला डोळा नाही" असं म्हणत. गोळी द्यायची आणि रजिस्टरवर सही घेऊन परत पाठवायचं, हे सोपं असतं. तसं न करता बसवा आणि बीपी घ्या. पहिलं रीडिंग गप्प बसून घ्यायचं, मग दुसऱ्या रीडिंगआधी पाचेक मिनिटं थांबायचं. गप्पा मारायच्या त्या याच पाच मिनिटांत. पट्टा दंडाला तसाच असतो, बाई कुठे जात नाही, आणि सुपरवायझरने विचारलं तर "बीपी परत बघायचंय" हे खरं उत्तर तयार असतं.

"शेवटची पाळी कधी आली होती?" याला तारखेचं उत्तर मिळत नाही. उत्तर येतं, "गणपतीत. गौरी बसवता आल्या नाहीत, म्हणून लक्षात आहे." मग तोच धागा धरायचा: दिवाळीत आली? संक्रांतीला? सणांवरून महिने बरोबर मोजता येतात. सलग १२ महिने पाळी आली नाही तर रजोनिवृत्ती झाली असं धरतात. पण जास्त त्रासाची असतात ती त्याआधीची काही वर्षं, पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी येते ती. भारतात पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, त्यामुळे पन्नाशीची वाट बघू नका. चाळिशीच्या आतच पाळी थांबली असेल तर "लवकर सुटलीस" म्हणून सोडायचं नाही. हाडांचा आणि हृदयाचा प्रश्न असतो, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवायचंच.

पुढचा प्रश्न चुकवू नका: "पिशवी आहे ना?" गर्भपिशवी काढलेल्या बाईला पाळीचा हिशेब उरत नाही, म्हणून तिच्या अंगातून वाफा निघाल्या, मध्यरात्री घामाने ब्लाउज भिजला, तरी ते या खात्यात कुणी मांडत नाही. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोषही (ओव्हरी) काढले असतील तर त्रास लगेच आणि जोरात सुरू होतो. बीजकोष ठेवले असले तरी तो काहीसा लवकर येऊ शकतो. डिस्चार्ज कार्ड मागून वाचा. बऱ्याच जणींना आपलं नेमकं काय काढलं हे सांगितलेलंच नसतं.

सगळं मेनोपॉजच्या नावावर टाकू नका

धडधड, थकवा, चिडचिड, केस गळणं ही लक्षणं थायरॉइडचीही असतात आणि रक्त कमी असल्याचीही. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि बीपी एवढं बघितल्याशिवाय वयाचा शिक्का मारू नये. पाळी मागेपुढे होतेय म्हणून दिवस राहणार नाहीत असं नाही, म्हणून प्रेग्नन्सीची पट्टी ओएचसीत ठेवा आणि लाज न वाटता वापरा.

थेट डॉक्टरांकडे पाठवायच्या गोष्टी मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवल्या आहेत. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावरून रक्त गेलं, अगदी एक डाग का असेना. तासातासाला पॅड बदलावं लागतंय. स्तनात गाठ. धडधडीबरोबर छातीत दुखणं किंवा दम लागणं. आणि "जगावंसं वाटत नाही" असं बोलता बोलता आलेलं वाक्य. ते ऐकल्यावर बाईला एकटीला घरी सोडायचं नाही.

गर्भपिशवीबद्दल थोडं जास्त लिहिते. आमच्या लाईनवर मराठवाड्यातून आलेल्या बायका खूप आहेत. अंगावरून जास्त जायला लागलं की गावाकडून नणंदेचा फोन येतो: "काढून टाक एकदाची, कटकट जाईल." बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. उचल घेतलेली, खाडा झाला की दंड, फडात संडास नाही, मग पाळी ही गोष्टच नको झाली. कारखान्यात हजेरीचं गणित थोडं मवाळ असतं, पण असतंच. म्हणून ऑपरेशन ठरवून आलेल्या बाईला मी "करू नको" म्हणत नाही. काही जणींना ते लागतंच. कागदावर तीन प्रश्न लिहून देते आणि डॉक्टरांसमोर तो कागद वाचायला सांगते. निदान नेमकं काय आहे? औषधाने किंवा हार्मोनच्या तांबीने किती महिने बघता येईल? बीजकोष ठेवणार की काढणार? जमलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मतही घ्यावं.

पाळी जायच्या त्रासावरच्या हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की "कॅन्सर होतो" हे ठरलेलं. गोळी लिहून देणं आपलं काम नाही, पण भीती कमी करणं आपलं आहे. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास जास्त असलेल्या निरोगी बाईला धोक्यापेक्षा फायदा बहुधा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, यकृताचा आजार असेल किंवा रक्तस्राव का होतोय तेच कळलेलं नसेल, तर सहसा देत नाहीत. एवढं सांगा आणि बाकीचं डॉक्टरांवर सोडा.

लाईनवर काय बदलायचं

खरं काम इथे आहे, आणि ते ओएचसीत बसून होत नाही. एक दिवस दोन्ही शिफ्टना लाईनवर फिरा. आमच्याकडे हार्नेसचा बोर्ड कन्व्हेअरवर पुढे सरकत राहतो. ऑपरेटर जागची हलली की बोर्ड तसाच पुढे जातो. म्हणून लघवीला जायचं तर रिलीव्हर यावा लागतो, तिची जागा धरणारा जादा माणूस. तो एक असतो आणि हात वर करणाऱ्या पाच. मग बायका पाणीच पीत नाहीत. या वयात लघवीच्या जागेचा ओलावा कमी होतो, जंतुसंसर्ग पटकन होतो, त्यात पाणी तोडलेलं. बाई जळजळीची तक्रार घेऊन येते, आपण अँटिबायोटिकसाठी डॉक्टरांकडे पाठवतो, आणि तीन आठवड्यांनी तीच बाई परत दारात. दुखणं रिलीव्हरच्या संख्येचं असतं. रजिस्टरमधून लघवीच्या तक्रारी लाईनप्रमाणे मोजून काढा. ज्या लाईनला रिलीव्हर कमी, तिथे आकडा चढलेला दिसला की प्रॉडक्शनवाल्यांशी बोलायला हातात कागद असतो.

दुसरी गोष्ट उष्णता. श्रिंक ट्यूबवर (वायरीवर तापवून आवळायची नळी) हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत, चालवणाऱ्या जागेवर भिंतीचा पंखा पोचतो का, ते तिथे उभं राहून बघा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पॉलिस्टरचा ॲप्रन, डोक्याला टोपी, आणि आतून छातीपासून कानशिलांपर्यंत चढणारी गरम लाट. ती पाच मिनिटांत ओसरते, पण त्या पाच मिनिटांत हातातली वायर चुकीच्या कनेक्टरमध्ये जाते आणि बाईला वाटतं, आपली बुद्धीच गेली. अशा बाईला हीट गनवरून उठवून टेपिंगला किंवा तपासणीला बसवायला पैसे लागत नाहीत. मात्र तिला विचारून. काही जणींना त्या जागेचा स्किल अलाउन्स मिळतो, तो गेला तर भलं करायला जाऊन तोटा केल्यासारखं होईल. ॲप्रन सुती मागा आणि एक जादा जोड मागा. इलेक्ट्रॉनिक्सच्या लाईनवर अँटिस्टॅटिक, म्हणजे घर्षणाची वीज न साठवणारं, कापड लागतं, तिथे सुती चालत नाही, त्यामुळे क्वालिटीला आधी विचारून घ्या.

बसायचं स्टूल. उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ मध्ये होतं, आणि नव्या श्रम संहितेतही ती मालकाची जबाबदारी आहे. पिण्याचं पाणी, संडास, हवा खेळती ठेवणं हेही तसंच. म्हणून माझा सल्ला असा, की या मागण्या महिला दिनाच्या फाइलमध्ये घालू नका. सेफ्टी कमिटीच्या बैठकीत मांडा. तिथे मिनिट्स लिहिली जातात, तारीख पडते, जबाबदार माणसाचं नाव पडतं. "बायकांसाठी पंखा" म्हटलं की हसणारे लोक "स्टेशन १४ ला तापमान जास्त" म्हटलं की गप्प ऐकतात.

सुपरवायझरला काय शिकवायचं

आमचे सुपरवायझर म्हणजे डिप्लोमा झालेली पंचविशीतली पोरं. ऑपरेटरला मावशी म्हणतात, आणि मावशीच्या पाळीचा विषय निघाला की कान लाल. त्यांना हार्मोन शिकवत बसू नका. एकच वाक्य पाठ करून घ्या: "मावशी, जाऊन या, रिलीव्हर पाठवतो." कारण विचारायचं नाही, लाईनवर ओरडून सांगायचं नाही, आणि "वय झालं आता" हा विनोद करायचा नाही. एकाने मला विचारलं, "मॅडम, सगळ्याच जायला लागल्या तर?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या डोक्यावर दिवसाचा टार्गेट असतो. मी त्याला दोन आठवडे जाणाऱ्यांची वेळ टिपायला लावली. बाहेर जास्त वेळ कोण असतं ते त्यालाच दिसलं: तंबाखू मळायला जाणारे दोघं.

रजा, आणि रजिस्टरची किल्ली

मेनोपॉजची वेगळी रजा असावी का, असं एचआर उत्साहाने विचारतं. माझं मत विरुद्ध आहे, निदान कंत्राटी बायकांच्या बाबतीत तरी. त्या नावाची रजा घेतली की ठेकेदाराच्या यादीत खूण होते आणि पुढचं कंत्राट "तरण्या पोरींना" जातं. त्याऐवजी अर्ध्या दिवसाचा गेटपास मागा आणि दवाखान्याच्या तारखेला हजेरी बक्षीस कापलं जाऊ नये एवढं मागा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू असते. लागणारी वर्गणी भरलेली असेल आणि डॉक्टरचा दाखला असेल, तर आजारपणात ७० टक्के मजुरी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. हे आपल्या बायकांना कुणी सांगत नाही, ते तुम्ही सांगा. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, जाणार असतील तर तिशीपुढच्या बायकांची बीपी, साखर, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी तिथे होते, तीही त्याच फेरीत करून यायला सांगा.

रजिस्टरचं मात्र कडक पाळा. सुपरवायझरकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर "विश्रांती २० मिनिटं" एवढंच लिहायचं. कारण वेगळ्या वहीत, ती वही कुलपात, किल्ली आपल्याकडे. मॅनेजरने आकडे मागितले तर आकडे द्या, नावं नाही. लाईनवर तीन-चारच बायका या वयाच्या असतील तर लाईनचा आकडाही देऊ नका, त्यावरून बाई ओळखू येते.

कपाटात काय हवं

सॅनिटरी पॅड, मोठ्या आकाराचेही, आणि ते मागावे लागणार नाहीत अशा जागी. दोन मापांत सुती कुर्ते आणि काळ्या सलवारी, डाग पडला तर घरी न जाता शिफ्ट पुरी करता यावी म्हणून. ते कंपनीच्या लॉन्ड्रीत न टाकता वेगळे धुवायची सोय आधी ठरवा. ओआरएस, प्रेग्नन्सीच्या पट्ट्या, हिमोग्लोबिन मोजायचं यंत्र. टेबलफॅन, पडद्याच्या आत, बेडच्या पायथ्याशी. झाकणाचा डबा, पायाने उघडणारा. आणि पडदा खरोखर बंद होतो ना ते बघा. आमच्याकडे कड्या कमी होत्या आणि वीतभर फट राहायची. स्टोअरवाल्याने कड्या लावून दिल्यावर आत येऊन बसणाऱ्या बायका वाढल्या.