रिकाम्या ट्रकचा खडखडाट, माझा अनुभव

नागपूरच्या कळमन्यात माल उतरवला की वाडीपर्यंत मागून नुसता खडखडाट अन् कंबर मोडतील असे हादरे, भरल्या गाडीत मात्र आवाज अर्ध्यावर. सगळे म्हणे शॉकअप गेले, बदला भाऊ. पण शॉकअपला तेल सुटलेलं नव्हतं, मंग फुकटचा खर्च कायले? टायरची हवा लोडच्या हिशोबानं टाईट होती, रिकाम्या गाडीपुरती कमी केली तर हादरे जरा नरमले, आवाज तसाच. चाकाला दगड लावून खाली शिरलो, शॅकलजवळ, म्हणजे स्प्रिंगचा पाटा चेसीला जोडणाऱ्या कडीजवळ, टॉमी (लोखंडी पहार) घालून उचकलं तर पाटा खटखट हलला, पिनीभोवतीचा बुश (नळी) पार खाल्लेला, पिनीवर ग्रीस नावालाही नाही, सगळा लाल गंज. बुश-पिन नवीन टाकले, पाटे अॅक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट पण कसून घेतले. हे बोल्ट थोडी गाडी चालवून परत कसायचे बरं का, नाहीतर पाटे सरकतात अन् त्यांना मधोमध एकत्र धरणारं सेंटर बोल्ट तुटते.