झाकण मिटलेल्या लॅपटॉपमधली चावी

माहिती सुरक्षेच्या कामात नवा असताना मी लिनक्सवरील लक्स ही डिस्क एन्क्रिप्ट करण्याची सोय वापरून लॅपटॉपची अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही अशी केली होती आणि लांबलचक पासवर्डामुळे लॅपटॉप चोरीला गेला तरी चिंता नाही, असे मी मानून चाललो होतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एवढेच विचारले, "तुम्ही झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत घालता, तेव्हा चावी कुठे असते?"

उत्तरासाठी मी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, तशीच डिस्क उघडली, तिच्या मेमरीची प्रत एका फाइलमध्ये उतरवली आणि तीत एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या चाव्या शोधणारे साधन चालवले. डिस्कसाठी एईएस ज्या एक्सटीएस पद्धतीने वापरतात तिला लागणाऱ्या २५६ बिटांच्या दोन्ही चाव्या उघड्या सापडल्या. पासवर्ड दुप्पट लांब असता तरी निकाल तोच लागला असता. नवख्यांनी दहा लेख वाचण्याआधी हा प्रयोग स्वतःच्या मशीनवर करावा, असे माझे मत आहे.

खऱ्या लॅपटॉपची मेमरी वीज जाताच कोरी होते, हा समज प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये खोडून काढला. धूळ उडवण्यासाठीचा दाबलेल्या हवेचा डबा उलटा धरून फवारल्यावर मेमरी उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत थंड होते आणि मग वीज नसतानाही तिच्यातला मजकूर कित्येक मिनिटे जवळजवळ शाबूत राहतो. झाकण मिटल्यावर लॅपटॉप ज्या स्लीप अवस्थेत जातो, तीत तर मेमरीला वीज चालूच असते.

म्हणून मी हायबरनेटकडे वळलो, ज्यात मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून मशीन बंद होते, आणि तिथेच फसलो, कारण अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली असे मला वाटत असले तरी हा मजकूर जिथे लिहिला जातो तो डिस्कचा भाग, म्हणजे स्वॅप विभाजन, एन्क्रिप्शनच्या बाहेर राहिला होता आणि मेमरीसह चावीही डिस्कवर उघडी लिहिली जात होती. स्वॅप आत घेतल्यावरच त्या बदलाला अर्थ आला. विंडोजच्या बिटलॉकर या डिस्क एन्क्रिप्शनमध्ये केवळ टीपीएम या चावी जपणाऱ्या चिपवर विसंबल्यास मशीन सुरू होताना चावी आपोआप बाहेर येते, आणि ही चिप मदरबोर्डवर वेगळी असेल तर तारा जोडून ती चावी वाटेत टिपता येते. तिथे मशीन सुरू होताना विचारला जाणारा पिन लावणे आवश्यक आहे.

बंद लॅपटॉपही पूर्ण निर्धोक नसतो. सुरक्षा संशोधक जोआना रुत्कोव्स्का यांनी २००९ मध्ये दाखवले की, हॉटेलच्या खोलीत शिरलेली व्यक्ती बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम, बदलून निघून जाऊ शकते आणि नंतर मालक स्वतःच तिथे पासवर्ड टाकतो. सुरू होताना फक्त मान्यताप्राप्त सही असलेला प्रोग्राम चालू देणाऱ्या सिक्युअर बूटमुळे हे अवघड होते. तरीही कोणी मशीन हाताळल्याची शंका आली, तर मी त्यावर पासवर्ड टाकत नाही. डिस्क काढून दुसऱ्या, विश्वासाच्या मशीनला जोडतो आणि तिथेच उघडतो.