सोलापूर-पुणे रेप्लिकेशन: शिळी प्रत चालेल, विस्कटलेली नको

मी होटगी रोडवरच्या एका पतसंस्थेचं स्टोरेज सांभाळतो. मुख्य यंत्रणा सोलापुरात, दुसरी पुण्यात. सोलापुरातल्या डेटाची प्रत सतत पुण्याला जात राहते, हेच रेप्लिकेशन. अशी मांडणी करायची म्हटली की विक्रेता आधी बँडविड्थचं बोलतो. तुम्ही आधी अंतर बघा. पुणं साधारण २५० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद तिथंच गेले. शिवाय केबल काही सरळ रेषेत जात नाही. सिंक्रोनस पद्धतीत पुण्याची पोच आल्याशिवाय राइट (डिस्कवर लिहिणं) पूर्ण झाला असं धरतच नाहीत, त्यामुळे हा उशीर प्रत्येक राइटला लागतो आणि व्याज लावायची रात्रीची बॅच सकाळपर्यंत रेंगाळते. एवढ्या लांब असिंक्रोनसच लावा, म्हणजे पुण्याच्या पोचेसाठी न थांबणारी पद्धत. एकही व्यवहार हरवायचा नसेल तर शहराच्याच दुसऱ्या टोकाला सिंक्रोनस प्रत ठेवा आणि तिच्या जोडीला पुणं. लातूर जवळ पडतं म्हणून एकमेव डीआर (आपत्तीत वापरायची पर्यायी यंत्रणा) तिथं नेऊ नका. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचा हादरा सोलापुरातही बसला होता.

असिंक्रोनस म्हणजे पुण्याची प्रत मागे राहणार. किती मागे, ते संचालकांकडून लेखी घ्या. ‘आरपीओ’ (किती वेळाचा डेटा गेला तर चालेल ती मर्यादा) म्हणालात तर सगळे माना डोलावतात. ‘किती मिनिटांच्या नोंदी हातानं परत टाकायची तयारी आहे?’ असं विचारा, मग खरा आकडा येतो.

आता मुख्य काम. डेटाबेस आधी लॉगमध्ये लिहितो, मग डेटा फाइलमध्ये. पुण्यातही हाच क्रम टिकला पाहिजे. डेटाचा व्हॉल्यूम (स्टोरेजमधून वेगळा काढून दिलेला डिस्कचा भाग) ११.०५ चा आणि लॉगचा ११.०२ चा पोचला, तर डेटाबेस उघडणारच नाही. दोन्ही ११.०२ चे असतील तर लाइट गेल्यावर जसा सावरतो तसा सावरेल, अर्धवट व्यवहार मागे घेईल आणि चालू होईल. म्हणून डेटा, लॉग, कंट्रोल फाइल हे सगळे व्हॉल्यूम एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये टाका, म्हणजे सगळ्यांची प्रत एकाच क्षणाची राहते. हे पहिल्या दिवशी सगळेच करतात. घोळ होतो नंतर: जागा संपते, कोणीतरी घाईत नवा व्हॉल्यूम जोडतो आणि ग्रुपमध्ये घालायचा राहतो. डॅशबोर्ड मात्र हिरवाच. डेटाबेसच्या फाइलींची यादी आणि ग्रुपची यादी दर आठवड्याला ताडून बघणारी छोटी स्क्रिप्ट लावा.

लिंक तुटते तेव्हाचं वेगळं. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल उचकटली की बफर (पाठवायचे राइट थांबवून ठेवायची जागा) भरतो, आणि त्यानंतर स्टोरेज फक्त कोणते ब्लॉक बदलले एवढीच खूण ठेवतं. कोणता आधी, कोणता नंतर, ही माहिती जाते. लिंक आल्यावर ते ब्लॉक वाटेल त्या क्रमानं पुण्याला जातात, आणि हा रिसिंक (प्रत पुन्हा जुळवणं) पुरा होईपर्यंत तिथली प्रत धड जुनी नसते, धड नवी नसते. नेमकं तेव्हाच सोलापूर बंद पडलं तर हातात काहीच उरत नाही. उपाय साधा आहे: आपोआप रिसिंक बंद ठेवा, आधी पुण्यात स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्या, मगच रिसिंक सुरू करा.

लिंक तुटली म्हणजे सोलापूर मेलं, असं पुण्याला वाटू देऊ नका. फेलओव्हर (काम पुण्यावर वळवणं) आपोआप करायचाच असेल तर कोण चालू, कोण बंद हे ठरवणारा साक्षीदार सर्व्हर तिसऱ्या गावात हवा. आम्ही निर्णय माणसांवर ठेवलाय. पुणं उघडण्याआधी सोलापूरचे राइट बंद झाल्याची खात्री करायचीच, नाहीतर एकाच खात्याचे दोन शिल्लक आकडे होतात. आणि रॅन्समवेअर किंवा चुकून मारलेला डिलीट पुण्यालाही तितक्याच इमानदारीनं पोचतो. बॅकअप वेगळाच लागतो, तोही कोणाला पुसता न येणारा.

ड्रिल (फेलओव्हरची रंगीत तालीम) करताना रेप्लिकेशन थांबवू नका, पुण्यातल्या स्नॅपशॉटचा क्लोन (वेगळी नक्कल) उघडा. डेटाबेस चालू झाला म्हणून टाळ्या नकोत. तेरीज काढा, नावे-जमा जुळते का बघा, शेवटच्या व्हाउचरची वेळ लिहून ठेवा. संचालकांना दिलेला आकडा पाळला जातो की नाही, ते तिथंच कळतं. एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडे पुण्याचा आयपी नोंदवलाय का, हेही तेव्हाच तपासा.

परत सोलापूरला येताना उलटं रेप्लिकेशन लावण्याआधी एक गोष्ट राहू देऊ नका. पुण्याला न पोचलेले शेवटचे व्यवहार फक्त सोलापूरच्या जुन्या डिस्कवर असतात आणि उलटा सिंक ते पुसून टाकतो. तिथला स्नॅपशॉट आधी घ्या, त्यातून ते व्हाउचर काढा आणि कॅशियरच्या त्या दिवसाच्या रोजकीर्दीशी एकेक ताडून पुण्याच्या चालू डेटात टाका. उलटा सिंक त्यानंतर.