नवजात बाळाच्या तपासणीआधी आणि तपासताना

बाळाजवळ जाण्याआधी आईचा केसपेपर वाचा. किती आठवड्यांची प्रसूती, आईला ताप होता का, मधुमेह आहे का, पाणी फुटून १८ तासांहून जास्त वेळ गेला होता का, रक्तगट कोणता, बाळाला व्हिटॅमिन के दिलं का. पुढे कशावर जास्त लक्ष ठेवायचं ते इथेच ठरतं: मधुमेही आईच्या बाळाची साखर, पाणी लवकर फुटलं असेल तर जंतुसंसर्ग.

खोली किमान २५ अंश, पंखा बंद, वजनकाटा शून्यावर. थर्मामीटर, मोजपट्टी, पल्स ऑक्सिमीटर हाताशी. हात धुतलेले, मनगटावर काही नको. सेकंदकाट्याचं घड्याळ भिंतीवर किंवा गणवेशाला. स्टेथोस्कोप तळहातावर चोळून कोमट करून घ्या. आई शेजारी असू द्या.

आता हात न लावता बघा. हा क्रम मोडला की बाळ रडतं आणि मग श्वासही मोजता येत नाही, ठोकेही नाही. अंगावरचं कापड हलकेच सरकवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. नवजात बाळ मध्येच काही सेकंद श्वास थांबवून पुन्हा सुरू करतं, त्यामुळे १५ सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही (घाईच्या ड्यूटीत हेच होतं). ३० ते ५९ ठीक. ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर डॉक्टरांना बोलवा. छातीत खोल खड्डे पडणं, नाकपुड्या फुलणं, कण्हणं, २० सेकंद श्वास थांबणं यांपैकी काहीही दिसलं तर दुसऱ्या मोजणीची वाट बघू नका. पहिल्या दिवशी हातपाय निळसर असले तर चालतं. ओठ आणि जीभ निळी असेल तर नाही.

मग ठोके, शांत बाळाचे साधारण ११० ते १६०. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस. ताप सगळ्यांना दिसतो, पण ३५.५ च्या खाली गेलेलं बाळही तितकंच आजारी असू शकतं. डोक्यावरची टाळू फुगलेली आहे का, बेंबीभोवतीची कातडी लाल आहे का, पू आहे का, तेही बघा. हातपाय थरथरत असतील तर हलकेच धरा: धरल्यावर थांबलं तर बहुधा नुसती थरथर, तरी साखर तपासाच; न थांबलं तर झटका (आकडी) समजा. कावीळ उजेडात, त्वचा दाबून बघा. पहिल्या २४ तासांतली कुठलीही कावीळ, किंवा नंतर तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली, लगेच कळवायची.

शी-शू पहिल्या दिवसात झाली का, आईला विचारा. हिरवी उलटी झाली असेल तर आतड्याला पीळ बसल्याची शक्यता असते, त्यात थांबायला वेळ नसतो.

सगळ्यात जास्त निसटतं ते गप्प बाळ. ‘किती गुणी आहे, रडतच नाही’ असं नातेवाईक म्हणाले की मी आधी पाजायला लावते. काल नीट ओढणारं बाळ आज स्तन तोंडात धरून झोपी जात असेल, डिवचल्याशिवाय हलत नसेल, तर बाकी आकडे ठीक असले तरी डॉक्टरांना फोन करा आणि केसपेपरवर वेळ लिहा.