आकाशातील अनोळखी प्रकाशाची तपासयोग्य नोंद कशी करावी

लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात तैनात असलेल्या भारतीय सैन्याने २०१२ च्या ऑगस्टपासून पुढील सहा महिन्यांत आकाशातील अनोळखी प्रकाशाच्या ३२९ नोंदी केल्या आणि ते चिनी टेहळणी ड्रोन असावेत, असा संशय धरला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तपासात ते गुरू आणि शुक्र असल्याचे निष्पन्न झाले. सरावलेल्या पहारेकऱ्यांचीही अशी गल्लत होते, कारण काळ्या पार्श्वभूमीवरील एकट्या बिंदूचे अंतर डोळ्यांना ठरवता येत नाही. म्हणून ‘दोन किलोमीटरवर, विमानाएवढा’ अशा नोंदीला तपासात जवळपास काहीच किंमत नसते; किंमत असते ती वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची कोनीय उंची या तिन्हींना.

प्रकाश दिसताच घड्याळातील वेळ मिनिटापर्यंत लिहावी, होकायंत्राने दिशा घ्यावी आणि हात पूर्ण ताणून मूठ क्षितिजावर धरावी. अशी एक मूठ साधारण १० अंशांची असते, त्यामुळे मुठीवर मूठ रचत गेल्यास उंची पुरेशी अचूक मिळते. नंतर एका जागी स्थिर बसून तो बिंदू भिंतीच्या कडेशी किंवा खांबाशी जुळवून पाहावा. अंधारात एकट्या बिंदूकडे टक लावल्यास स्थिर दिवाही सरकल्यासारखा भासतो, आणि ‘तो थांबत थांबत हलत होता’ अशा कित्येक वर्णनांचे मूळ एवढेच असते. दर पंधरा मिनिटांनी हीच मापे पुन्हा घ्यावीत. शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भात जागा न बदलता बिंदू त्यांच्याबरोबर पश्चिमेकडे सरकत असेल, तर तो ग्रह किंवा तारा समजावा. काही मिनिटांत आकाश ओलांडणारा, न लुकलुकणारा आणि मध्येच विझणारा बिंदू बहुधा पृथ्वीच्या सावलीत शिरलेला उपग्रह असतो.

शक्य असल्यास दुसरा निरीक्षक प्रकाशाच्या दिशेशी काटकोनात एक किलोमीटर दूर उभा करून दोघांनी एकाच क्षणी दिशा मोजावी. पाच किलोमीटरवरील ड्रोनच्या बाबतीत दोन्ही मापांत सुमारे ११ अंशांचा फरक पडेल, ग्रहाच्या बाबतीत मुळीच पडणार नाही. माझ्या मते महागड्या कॅमेऱ्यापेक्षा हा प्रयोग अधिक निर्णायक आहे. मात्र दोघांनी आपापली नोंद लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलू नये.

छायाचित्र घ्यायचेच असेल, तर चौकटीत क्षितिजावरील एखादी खूण यावी.

अमेरिकी हवाई दलाने आकाशातील अनोळखी वस्तूंचा आपला तपास १९६९ मध्ये बंद केला, तेव्हा १२,६१८ प्रकरणांपैकी ७०१ अनोळखी राहिली होती. त्यांचा अर्थ परग्रहावरील यान असा लावणे जितके घाईचे, तितकेच ती सर्व खोटी ठरवणेही. आपला अहवाल सैन्याकडे किंवा पोलिसांकडे देताना त्यात ‘ड्रोन’, ‘यान’ असे शब्द न वापरता केवळ मापे, रंग, कालावधी आणि हवामान लिहावे. अनुमान सुचलेच, तर ते स्वतंत्र परिच्छेदात ठेवावे.