डोळ्याच्या लांबीचा रिपोर्ट कसा वाचावा

मुलाचा मायनस नंबर वाढत असेल तर बायोमेट्री, म्हणजे डोळ्याची लांबी मोजायची तपासणी, करून घ्या. रिपोर्टवरचं ‘एएल’ म्हणजे पारपटलापासून (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागापासून) मागच्या पडद्यापर्यंतची लांबी. मोठ्या माणसात ती साधारण 23.5 ते 24 मिमी असते. डोळा 1 मिमी जास्त लांबला की प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते आणि नंबर सुमारे 2.5 ते 3 ने वाढतो.

नुसती लांबी पाहून घाबरू नका. शेजारी पारपटलाच्या गोलाईची त्रिज्या दिलेली असते, सरासरी 7.8 मिमी. लांबीला तिने भागा. 24.6 भागिले 7.8 म्हणजे 3.15; 3 च्या वर, म्हणून इथे मायनस नंबर अपेक्षितच. त्याच लांबीला पारपटल चपटं, 8.3 चं असेल तर 2.96 येतात, आणि चष्मा कदाचित लागणारही नाही.

दर 6 महिन्यांनी त्याच मशीनवर मोजा. डोळ्याला टेकवायचा सोनोग्राफीचा प्रोब जरा दाबला गेला तरी लांबी कमी भरते. प्रकाशाने मोजणारं यंत्र बरं. नंबर मात्र थेंब घालूनच तपासावा, नाहीतर मुलं डोळ्यावर ताण देतात आणि मायनस उगाच जास्त निघतो.

लांबी 26 मिमीच्या पुढे गेली असेल तर दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासा, लेझरने चष्मा गेला असला तरी. लेझर पारपटलाचा आकार बदलतो. मागे ताणलेला डोळा तसाच राहतो.