विंडोज आणि लिनक्समध्ये एकच ड्राइव्ह वापरताय? या चुका टाळा

लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) दोन्ही असले की फोटो, गाणी, पीडीएफ यांच्यासाठी एक समाईक ड्राइव्ह ठेवणं सोयीचं पडतं. मग एके दिवशी उबुंटूत फाइल सेव्ह होईना, 'रीड-ओन्ली' (फक्त वाचता येईल) असा मेसेज येतो आणि डिस्क गेली या भीतीने लोक थेट दुकान गाठतात. थांबा. बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते. विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं, एवढंच.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' आलं. 'शट डाउन' दाबल्यावर विंडोज स्वतःची अर्धीअधिक स्थिती डिस्कवर साठवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. ड्राइव्हवर कुठे काय आहे याच्या नोंदीही त्यात असतात. मधल्या वेळात लिनक्सने तिथे काही लिहिलं, तर विंडोज जुन्याच नोंदी खऱ्या धरतं आणि फाइली खराब होतात. म्हणून लिनक्स फक्त वाचू देतं. ते तुमचा डेटा वाचवतंय.

उपाय विंडोजमध्येच करायचा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांची सेटिंग्ज उघडा आणि 'फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. घाई असेल तर 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट' करून उबुंटूत या. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर बंद होतं. हायबरनेट करून, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून विंडोज झोपवून, मात्र कधीच येऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती जबरदस्ती. नेटवर मिळालेली कमांड चिकटवून हायबरनेशनची फाइल उडवली, तर विंडोजमधलं सेव्ह न केलेलं काम कायमचं जातं. लिनक्समधल्या 'एनटीएफएसफिक्स' या दुरुस्तीच्या कमांडवरही विसंबू नका. ते मोजक्या चुका सुधारतं आणि बाकीची तपासणी विंडोजवर सोडतं. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स, मग 'चेक' ही तपासणी विंडोजमधूनच करा.

ड्राइव्हचा फॉरमॅट, म्हणजे त्यावर फाइली मांडायची पद्धत, निवडतानाही लोक फसतात. फॅट३२ वर ४ जीबीची एक फाइलसुद्धा मावत नाही. एक्सफॅटवर मावते, पण त्याला जर्नल, म्हणजे होत असलेल्या बदलांची नोंदवही, नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर सावरणं कठीण. घरातल्या कायमच्या ड्राइव्हसाठी मी विंडोजचा एनटीएफएस हाच फॉरमॅट सुचवेन. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ५.१५ या आवृत्तीपासून त्यावर लिहू शकणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. लिनक्सचा ईएक्सटी४ फॉरमॅट विंडोजला वाचता येत नाही आणि ते 'फॉरमॅट करू का?' असं विचारू शकतं. तिथे 'हो' म्हणालात तर सगळं गेलं.

नावांकडेही लक्ष द्या. लिनक्समध्ये फाइलच्या नावात विसर्गचिन्हासारखा कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला ती फाइल उघडता येत नाही.

ड्राइव्ह आपोआप जोडायला एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणते ड्राइव्ह जोडायचे याची लिनक्समधली यादी) ओळ घालणार असाल तर डिव्हाइसचं नाव न देता यूयूआयडी, म्हणजे ड्राइव्हचा स्वतःचा ओळख क्रमांक, द्या. डिस्कचा क्रम बदलला तरी तो बदलत नाही. सोबत 'नोफेल' लिहा, नाहीतर ड्राइव्ह सापडला नाही की उबुंटू सुरू होतानाच अडकेल.

आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर घड्याळाची बॅटरी बदलू नका. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला तिथे स्थानिक वेळ ठेवायला सांगा. तोवर दोन्हीकडच्या फाइली वेळ पाहून सिंक करू नका, जुनी प्रत नवीवर चढेल.